वाट घराची, हक्क मुलाचा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीचे दोन महिने वाशिम जिल्ह्यात लग्नांचे असतात, तसेच मुलांच्या शाळा ठरवण्याचेही असतात. मांडवात चार नातेवाईक भेटले की पेरणी-बियाण्याच्या बोलण्यापाठोपाठ विचारणा होते, "पोराले कोणत्या शाळेत टाकलं?" जिल्हा परिषदेची शाळा सांगावी, तर "काऊन, कॉन्व्हेंट परवडत नाही काय?" कॉन्व्हेंट सांगावं, तर "घरी इंग्रजी कोन शिकवन त्याले?" आश्रमशाळा म्हणावं, तर "एवढंसं लेकरू दूर कसं ठेवलं, माय?" आणि एखाद्या आईवडिलांनी मूल घरीच शिकवायचं ठरवलं असेल, तर प्रश्न संपतच नाहीत.

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. पण ऐकणाऱ्या आईच्या मनाला ते बोल लागतात, आणि जवळ उभं असलेलं मूलही ते ऐकत असतं. आपली शाळा हलकी आहे, किंवा आपण शाळेत जात नाही म्हणजे आपल्यात काही उणं आहे, हे मूल मोठ्यांच्या अशाच बोलण्यातून शिकतं. म्हणून दुसऱ्या घराच्या निवडीबद्दल कसं बोलावं, कुठे गप्प राहावं आणि कुठे मुळीच गप्प राहू नये, हे आपण ठरवून घ्यायला हवं. माझं म्हणणं थोडक्यात असं: वाट कोणती घ्यायची हे घर ठरवील, मूल शिकतं आहे ना, हे मात्र सगळ्यांनी बघायचं.

आपल्या जिल्ह्यातल्या वाटा

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा सहा तालुक्यांचा आहे. एवढ्या मुलखात शिक्षणाच्या किती तऱ्हा आहेत ते बघा. गावोगावी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा आहेत, कारंजा-मंगरुळपीरसारख्या गावांत उर्दू शाळा आहेत. डॉ. पंजाबराव देशमुखांनी स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना हायस्कूल दाखवलं. सहावीपासून निवासी शिक्षण देणारं नवोदय विद्यालय आहे. तांड्यांवरच्या मुलांसाठी आश्रमशाळा आहेत. तालुक्याच्या गावाहून खेड्यांपर्यंत फिरणाऱ्या कॉन्व्हेंटच्या गाड्या आहेत. कारंज्यात १९१८ साली सुरू झालेलं महावीर ब्रह्मचर्याश्रम हे जैन गुरुकुल आहे. शाळा आणि घर एकाच छपराखाली आणणारी ती परंपरा आपल्या जिल्ह्यात शंभर वर्षांहून जुनी आहे.

याशिवाय काही मुलं शाळेच्या इमारतीबाहेर शिकतात. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाकडे विशेष शिक्षक घरी येतात. दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरून घरून अभ्यास करणाऱ्या मुली आहेत. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी आणि अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे शिकणारी मुलं आहेत. विचारपूर्वक, पूर्ण वेळ घरी शिकवणारी कुटुंबं पुण्या-मुंबईकडे अधिक दिसतात. आपल्याकडे असं घर विरळाच, आणि विरळ म्हणूनच गावाची नजर त्याच्यावर जास्त.

घरी शिकणं परकं नाही

"हे असलं परदेशी खूळ आपल्याकडे चालत नाही," असं पुष्कळ जण म्हणतात. मराठी माणसाला तरी असं म्हणता येणार नाही. सावित्रीबाई फुल्यांना अक्षरओळख जोतीरावांनी करून दिली, आणि १८४८ साली त्याच सावित्रीबाई पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईवडिलांनी, तेही गावोगाव फिरत असताना. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हा त्यांच्या गाठीला शाळेचा एकही दाखला नव्हता. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी घरी शिकवलं आणि १८८६ मध्ये त्या अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. रमाबाई रानडे पती न्यायमूर्ती रानड्यांकडे घरीच शिकल्या.

या चौघींच्या आयुष्यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की घरी शिकल्या तरी त्या घरात अडकल्या नाहीत. सावित्रीबाईंनी शाळा चालवल्या, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन काढलं, रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनाची उभारणी केली, आनंदीबाई परदेशी महाविद्यालयात गेल्या. घरच्या शिक्षणाने त्यांना शाळेचं दार उघडून दिलं आणि त्यांनी ते दुसऱ्यांसाठी उघडं ठेवलं. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. सावित्रीबाईंवर लोकांनी शेण फेकलं ते त्या शाळेत जात होत्या म्हणून. रमाबाई रानड्यांना घरातल्याच बायकांचे टोमणे सोसावे लागले ते त्या घरी बसून वाचत होत्या म्हणून. म्हणजे आपल्या समाजाने दोन्ही वाटांवरच्या बायकांना छळलं आहे. तो वारसा पुढे चालवायचा नसेल, तर आज आपल्या शेजारच्या घराबद्दल बोलताना जपायला हवं.

अलीकडचं उदाहरण मुंबईच्या मालविका राज जोशी हिचं. सातवीच्या टप्प्यावर तिने शाळा सोडली आणि ती आईच्या देखरेखीखाली घरी शिकली. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं. घरी शिकवू बघणाऱ्याने ही गोष्ट अर्धी सांगू नये. घरी शिकून मूल कुठवर जाऊ शकतं ते तीत दिसतं, तसंच कागद नसला की आपल्याच देशात काय अडतं तेही दिसतं. आणि एका तेजस्वी मुलीवरून सगळ्या मुलांचा हिशेब करू नये, हे दोन्ही बाजूंच्या लोकांना लागू आहे.

कायदा नेमकं काय सांगतो

गावात वाद होतात ते बहुतेक ऐकीव माहितीवर. म्हणून शिक्षण हक्क कायद्यातल्या कामाच्या गोष्टी समजून घ्या. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे.

कलम १० प्रमाणे मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. तसं न करणाऱ्या पालकाला या कायद्यात शिक्षा किंवा दंड मात्र सांगितलेला नाही. घरी शिकवणाऱ्यांसाठी वेगळी नोंदणी किंवा परवानगीची तरतूदही त्यात नाही. त्यामुळे घरी शिकवणाऱ्या कुटुंबाला "पोलिस येतील" म्हणून भिववणं चुकीचं, आणि "कायद्यानं पूर्ण मोकळीक आहे" असं त्या कुटुंबाने समजणंही चुकीचं.

कलम ४ प्रमाणे शाळेत कधीच न गेलेलं किंवा मध्येच सुटलेलं मूल त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात दाखल होऊ शकतं, आणि मागचं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळवणं हा त्याचा हक्क आहे. जन्माचा दाखला नाही, टीसी यायचा आहे किंवा शाळा सुरू होऊन महिने झाले आहेत, या कारणांनी प्रवेश नाकारता येत नाही. घरी शिकवून बघितलेल्या आणि आता शाळेत यायचं म्हणणाऱ्या कुटुंबासाठी हे कलम फार मोलाचं आहे. त्यांची परतीची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट झाली. बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. अशा मुलाच्या आईला "याले शाळेत काऊन नाही धाडत?" असं विचारण्याआधी हे लक्षात ठेवा. तिने कायद्याने दिलेला मार्ग घेतला आहे. तिला विचारायचंच असेल तर "विशेष शिक्षक ठरल्याप्रमाणे येतात ना?" हे विचारा. येत नसतील तर तिच्याबरोबर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात जा.

निवड कुठली, नाइलाज कुठला

आदराच्या नावाखाली आपण कधीकधी डोळे मिटून घेतो. "ज्याचं त्याचं घर" म्हणून सोडून देतो. इथे थांबून विचार करायला हवा. आदर निवडीचा करायचा असतो. मुलाचं शिक्षणच थांबलं असेल, तर तिथे कसली निवड?

एखादं मूल शाळेत जात नाही असं दिसलं की चार प्रश्नांवरून फरक कळतो. ते रोज काही शिकतं का? त्याला शिकवायला घरात वेळ असलेलं, ठरलेलं माणूस आहे का? पुढची परीक्षा किंवा पुढचा वर्ग कोणता, हे घराला माहीत आहे का? आणि मुलाला स्वतःला काय हवं ते कुणी विचारलं आहे का? चारही उत्तरं मिळत असतील तर ती निवड आहे. तुमचं मत वेगळं असलं तरी मान ठेवा. एकही उत्तर मिळत नसेल तर ती अडचण आहे, आणि अडचणीत मदत करणं हा शेजारधर्म आहे.

काही ठिकाणी तर गप्प राहणं हा अपराधच. बारा वर्षांचा मुलगा हॉटेलात कपबशा धुतो, तेरा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसली आहे, दहावी होण्याआधीच तिच्या सोयरिकीची बोलणी चालली आहेत: यांतल्या कशालाच "घरचं शिक्षण" म्हणता येणार नाही. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला लावता येत नाही. घरच्या शेतात मदत चालते, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे. अशा वेळी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कळवा, किंवा मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, पोलिस पाटील यांना सांगा.

आणि काही ठिकाणी निवड आणि नाइलाज एकमेकांत मिसळलेले असतात. मानोरा, मालेगाव, मंगरुळपीर या तालुक्यांतल्या तांड्यांवरून मुकादमाची उचल घेऊन कुटुंबं कोयत्यावर जातात. मुलाला आजीजवळ ठेवायचं की बरोबर न्यायचं, हा निर्णय त्या आईला दरवर्षी घ्यावा लागतो. ठेवलं तर "आईच्या मायेवाचून वाढतं," बरोबर नेलं तर "शाळा बुडवली," असे बोल तिला दोन्हीकडून खावे लागतात. तिला बोल लावण्यापेक्षा तिची वाट सोपी करा. मूल गावात राहणार असेल तर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत, म्हणजे कुटुंबं निघण्याआधी करा. मूल बरोबर जाणार असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड काढून द्या, म्हणजे ज्या गावात टोळी उतरेल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल. पुस्तकं पिशवीत घालून द्या. परतल्यावर त्याला मागच्या बाकावर ढकलू नका.

घरी शिकवायचं ठरवत असाल तर

इतरांनी मान ठेवावा असं वाटत असेल, तर आपला निर्णयही तेवढाच विचाराने घेतलेला हवा. त्यासाठी काही गोष्टी आधीच करून ठेवा.

सगळ्यात आधी वेळेचा हिशेब करा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनीच घरी शिकवून बघितलं आहे. घरात मोबाइल एक आणि मुलं तीन, आई सोंगणीला गेलेली, बाबा बाजार समितीत, असं असताना शिकवणं किती अवघड असतं हे त्या दीड-दोन वर्षांनी दाखवलं. शिकवणं म्हणजे दररोजचं काम आहे. सोयाबीनच्या सोंगणीत आणि तुरीच्या हंगामातही ते कोण करणार, हे नाव घेऊन ठरवा.

दुसरं, कागद. जन्माचा दाखला ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून काढून ठेवा, आधार अद्ययावत ठेवा. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख आणि जात दोन्ही असतात, आणि जातीच्या प्रमाणपत्रापासून पडताळणीपर्यंत तोच दाखला पुढे करावा लागतो. मूल शाळेतच गेलं नाही तर हा पुरावा तयार होत नाही. म्हणून वडिलांचे, आजोबांचे, आत्याचे शाळेचे दाखले आणि महसुली नोंदी जपून ठेवा. विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या कुटुंबांना २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० आधीचा पुरावा लागतो. मूल पाच वर्षांचं असतानाच हे कागद शोधायला लागा. अठराव्या वर्षी प्रवेशाच्या रांगेत उभं राहून ते सापडत नाहीत.

तिसरं, परीक्षा. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष तीन पातळ्या, तसंच दहावी आणि बारावी घरून करू देते. दहावीसाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण असावी लागतात. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, आणि विषय एकेक करून सोडवता येतात. दुसरा मार्ग आपल्या राज्य मंडळाचा, १७ नंबरच्या फॉर्मचा. वाशिम जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो. या फॉर्मला वयाची आणि आधीच्या शिक्षणाची अट असते, आणि त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधीच संपते. म्हणून नववीच्या वयाला आल्यावरच जवळच्या हायस्कूलमध्ये चौकशी करा. पुढे मुलाला कोणत्या प्रवेश परीक्षेला बसायचं आहे त्या परीक्षेची नियमपुस्तिका आठवीतच वाचून ठेवा.

चौथं, काय सुटतं आहे ते मोजा. शाळेत नाव नसेल तर पोषण आहार, मोफत पुस्तकं आणि गणवेश, मुलींसाठीची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आणि मुलींसाठीचा एसटीचा मोफत पास हे मिळत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेगवेगळ्या जातींची, घरांची मुलं एका पंगतीत बसून जेवतात तो अनुभव. घरी शिकणाऱ्या मुलाला हे दुसरीकडून द्यावं लागेल: वाचनालय, क्रीडा संकुल, गावातली भजनी मंडळी, कुस्तीचा आखाडा, सुट्टीतली शिबिरं. मूल आठवड्यातून अनेकदा समवयस्कांत मिसळलं पाहिजे, याची आखणी करा.

आणि एक गोष्ट मुळीच करू नका. शाळेच्या पटावर नाव ठेवून हजेरी लावून घ्यायची आणि मूल घरी ठेवायचं, असा आडमार्ग कुणी सुचवील. त्यात शिक्षक अडचणीत येतो, आणि खोटं बोलून काम भागतं असं मुलाला आईबापच शिकवतात.

नात्यात आणि शेजारात कसं बोलावं

दुसऱ्याची निवड कळली की आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं जातं, ते महत्त्वाचं आहे. "अरे वा, काय शिकतंय सध्या?" हा प्रश्न कुठल्याही घराला चालतो, मग मूल नवोदयला असो की ओसरीत. "फी किती?" आणि "टक्के किती पडले?" हे प्रश्न चारचौघांत टाळा.

तुलना मुलासमोर तर करूच नका. "आमची पिंकी इंग्रजीत कविता म्हणते, तुमच्या बाळूले येते काय?" यातून बाळूला इंग्रजी येत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचं, एवढंच तो शिकतो.

सल्ला द्यायचाच असेल तर आधी विचारा: "वहिनी, मला एक गोष्ट सुचते, सांगू का?" त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा. हो म्हणाल्या तर एकदाच सांगा, एकांतात सांगा, आणि मुलाबद्दल सांगा. "सदू गणितात मागे पडतोय असं मला वाटतं, तुम्ही बघा" हे बोलणं उपयोगी आहे. "तुम्ही त्याचं वाटोळं करताय" यात सदूच्या कामाचं काहीच नाही.

ज्याच्यावर टीका होते त्यानेही वाद घालत बसू नये. "काका, आम्ही विचार करून ठरवलंय. दोन वर्षांनी पुन्हा बघू. तुम्ही त्याला दर रविवारी पाढे विचारत जा ना," असं म्हणून बघा. वडीलधाऱ्यांचा विरोध बऱ्याचदा काळजीतून येतो. त्यांना मुलाच्या शिक्षणात काम दिलं की ती काळजी कामी लागते. आजोबांकडे पेरणीचं गणित, नक्षत्रं, सातबारा वाचणं. आजीकडे ओव्या, हिशेब, माणसांची नाती. हे शिक्षण शाळेत जाणाऱ्या मुलालाही हवंच आहे.

शाळेत मुलं घालणाऱ्यांनी आणि घरी शिकवणाऱ्यांनी आपापली बाजू उंच करण्यासाठी दुसऱ्याची खाली ओढू नये. "शाळा म्हणजे कोंडवाडा" असं म्हणणारा आपल्या गावातल्या त्या बाईंना विसरतो, ज्या आडगावी एकटीने चार वर्ग सांभाळतात. "घरी शिकवतात ते लहरी" म्हणणारा त्या आईला विसरतो, जिने वर्गात चिडवलं गेलेलं आपलं मूल सावरायला नोकरी सोडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना करोनाची लागण झाली होती. त्या दिवसांत मूल पाठवणारे आणि मूल घरी ठेवणारे, दोघेही आपल्या लेकराच्या भल्याचाच विचार करत होते. समोरच्या घरातही तेच चाललं आहे, एवढं धरून बोललं की बोलण्यातली धार आपोआप जाते.

घरातच मतभेद असतील तर

सगळ्यात कठीण वाद नवरा-बायकोतला असतो. वडिलांना नवोदयची तयारी हवी, आईला मूल डोळ्यांसमोर हवं. अशा वेळी निर्णय मुदतीचा करा. एक वर्ष एका वाटेने जाऊ, आणि पुढच्या एप्रिलमध्ये मूल, आई, वडील तिघं बसून बघू, असं ठरवा. काय बघायचं तेही आधीच लिहून ठेवा: वाचन कुठवर आलं, गणित कुठवर आलं, मित्र किती झाले, झोप आणि भूक नीट आहे का, सकाळी उठताना चेहरा कसा असतो.

भावंडांसाठी एकच नियम नको. थोरल्याला आश्रमशाळेची शिस्त मानवली म्हणून धाकटीलाही मानवेल असं नाही. दहा वर्षांपुढच्या मुलाचं मत ऐकल्याशिवाय शाळा बदलू नका. आणि वाट बदलावी लागली तर ती हार समजू नका. ज्या घराने घरी शिकवून बघितलं आणि पुन्हा शाळेत नाव घातलं, त्या घराला "सांगितलं होतं ना आम्ही!" असं कुणी म्हणू नये. असं म्हणणाऱ्या गावात कुणी वेळेवर मागे फिरत नाही, आणि त्याची किंमत मूल भरतं.

शिक्षकांकडून आणि समितीकडून

घरून शिकलेलं किंवा स्थलांतरावरून आलेलं मूल वर्गात येतं, तेव्हा पहिल्या दिवशी शिक्षक त्याची ओळख कशी करून देतात यावर पुष्कळ काही ठरतं. "हा कधी शाळेत गेलाच नाही" असं सांगण्यापेक्षा त्याला काय येतं ते सांगा. कोयत्यावरून आलेल्या मुलाने तीन जिल्हे पाहिलेले असतात, मोळ्या मोजलेल्या असतात. घरून आलेल्या मुलीने कदाचित ग्रंथालय वाचून काढलेलं असतं. चाचणी घ्या, पण कुठून सुरुवात करायची ते कळण्यासाठी. तांड्यावरचं मूल गोर (बंजारा) बोली बोलत येत असेल तर त्याच्या बोलीतले चार शब्द वर्गाने शिकावेत.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊणशे टक्के सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. ही समिती सह्यांपुरती ठेवू नका. वर्षातून दोन सभा फक्त एका विषयासाठी घ्या: एक जूनमध्ये, एक दिवाळीआधी. गावातलं सहा ते चौदा वयाचं प्रत्येक मूल कुठे शिकतं आहे, याची यादी तिथे वाचा. कॉन्व्हेंटमध्ये आहे, आश्रमशाळेत आहे, मदरशात आहे, गुरुकुलात आहे, घरी शिकतं आहे, सगळं नोंदवा आणि त्यावर शेरा मारू नका. ज्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही, त्या घरी समितीतल्या दोन बायांनी जाऊन चहा घ्यावा, अडचण विचारावी, आणि प्रवेशाचा अर्ज बरोबर न्यावा. ती यादी केंद्रप्रमुखांकडे द्या, आणि त्या नावापुढची जागा भरली का, हे पुढच्या सभेत विचारा.